साडेतीन सीसीत अडीच घोडे

डोईफोडिया हे नाव ऐकलं की मराठी माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "हे मध्य प्रदेशात?" हो, मध्य प्रदेशातच. बऱ्हाणपूर जिल्हा, खकनार तालुका. डोंगर सातपुड्याचे, पलीकडे मेळघाट. शेतात केळी आणि कापूस, आणि बाजारात एकाच वाक्यात हिंदी, मराठी, निमाडी, कोरकू. माझी बहीण या गावात दिलेली, त्यामुळे दर भाऊबिजेला माझी इथं एक फेरी ठरलेली.

गेल्या वर्षी भाचा पुण्याहून एक खोकं घेऊन आला होता. आत रिमोटवर चालणारी गाडी. बॅटरीची नव्हे, इंजिनाची. ज्याला नायट्रो म्हणतात ती. आठास एक प्रमाणाची बग्गी, वजन साडेतीन किलोच्या आसपास, इंजिन साडेतीन सीसीचं. शर्यतीच्या हौशी मंडळींत याला 'एकवीसचं इंजिन' म्हणतात, कारण ते ०.२१ घनइंच भरतं. माहितीपत्रकात ठळक ओळ होती : २.५ पीएस, ३३,००० आरपीएम.

गाडी सुरू होईना म्हणून आम्ही ती मिस्त्रीकडे नेली. रस्त्याकडेचं एक पत्र्याचं शेड. दारात उघडलेला पॉवर वीडर, भिंतीला टांगलेले फवारणी पंप, कोपऱ्यात गवत कापायच्या यंत्रांची लांबलचक नळकांडी. मिस्त्रीनं इंजिन तळहातावर घेतलं. ते मुठीत मावत होतं.

"याची वायर कुठं गेली?"

वायर नसतेच. या इंजिनात ठिणगी पडत नाही. प्लगात प्लॅटिनमच्या तारेचं बारीक वेटोळं असतं. सुरू करताना दीड व्होल्टचा सेल लावून ते लाल करायचं. पुढं मिथेनॉलची वाफ त्या प्लॅटिनमला लागून स्वतःच ते तापतं ठेवते. मिस्त्रीनं मान हलवली आणि अंगठ्यानं फ्लायव्हील फिरवून पाहिलं. पिस्टन वर आला की ते गच्च अडे.

"हे तं जाम हाय. लायनर खाल्ला असंल."

तेही नव्हतं. पितळेचा, क्रोम चढवलेला लायनर वरच्या टोकाला मुद्दाम किंचित निमुळता ठेवलेला असतो. इंजिन तापलं की लायनर फुगतो आणि मग पिस्टन बरोबर बसतो. थंड असताना अडणं हे नव्या इंजिनाचं चांगलं लक्षण. मिस्त्रीला ओळखीचं वाटलं ते फक्त क्लचचं. वेग वाढला की बाहेर फाकून घंटेच्या आकाराच्या वाटीला घासणाऱ्या कड्या. गवत कापायच्या यंत्रात असतो तोच क्लच, फक्त खेळण्याएवढा. शेवटी हेअर ड्रायरनं इंजिन गरम केलं, आणि ते कर्णकर्कश किंचाळत सुरू झालं. शेडभर एरंडेलाचा वास पसरला. इंधनात वंगण म्हणून एरंडेल असतं. लहानपणी ज्यांना ते चमच्यानं पाजलं गेलं त्यांना हा वास विसरता येत नाही.

मिस्त्रीनं माहितीपत्रकावर बोट ठेवलं. "अडीच एचपी? एवढ्याशा डबीत? आन् हा माह्या पुढचा वीडर सात एचपीचा, दोनशे बारा सीसी. मंग खरं कोण बोलतं?"

प्रश्न रास्त होता. दिवाळीचे उरलेले दिवस माझे त्यातच गेले.

*

'अश्वशक्ती' या शब्दाचा जन्मच मुळी विक्रीसाठी झाला. जेम्स वॉटला वाफेची इंजिनं खपवायची होती आणि गिऱ्हाइकाकडे घोडे होते. तुमचे किती घोडे वाचतील, हे सांगायला त्याला माप हवं होतं. त्यानं मिनिटाला ३३,००० फूट-पौंड हा आकडा धरला. आजच्या मापात ७४६ वॉट. खरा घोडा दिवसभर इतकं काम करत नाही, म्हणजे आकडा सढळ हातानं धरलेला होता. आपल्याकडे मोटेच्या बैलांची अख्खी जोडी मिळून जेमतेम एक एचपी भरते असं कृषी अभियांत्रिकीची पुस्तकं सांगतात. जपानी आणि जर्मन माहितीपत्रकांत असतो तो पीएस, म्हणजे मेट्रिक घोडा. तो ७३५.५ वॉटचा, किंचित लहान. दोहोंत फरक दीड टक्क्याच्या आत, त्यावरून भांडायला नको.

भांडायचं ते मोजमापावरून. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत पाच एचपीचं एक डिझेल इंजिन होतं आणि त्याला दोरीचा ब्रेक. फ्लायव्हीलसोबत फिरणाऱ्या ड्रमवर जाड दोर गुंडाळलेला. एका टोकाला वजनं, दुसऱ्या टोकाला ताणकाटा. वजन वाढवत न्यायचं, इंजिनचा सूर खाली येतो, काट्यावरचा आकडा टिपायचा, हातातल्या यंत्रानं फेरे मोजायचे. ड्रमच्या पन्हाळीत एकानं सतत पाणी ओतत राहायचं, नाही तर दोर जळतो. आमचा एकदा जळला. जळक्या काथ्याचा वास, वाफ, आणि सरांची शिवी. पण त्यानंतर 'ब्रेक हॉर्सपॉवर' यातला ब्रेक कुठून आला हे मला कुणी सांगावं लागलं नाही. सूत्र पोरं पाढ्यासारखं म्हणायची : टू पाय एन टी भागिले पंचेचाळीसशे.

या सूत्रात दोनच गोष्टी आहेत : टॉर्क आणि फेरे. शक्ती म्हणजे पीळ गुणिले वेग. हे एकदा डोक्यात बसलं की अडीच एचपीचं गूढ निम्मं उलगडतं. ३३,००० फेऱ्यांना अडीच पीएस म्हणजे टॉर्क फक्त ५.४ किलो-सेंटिमीटर. किराणा दुकानातलं एक किलोचं माप आसापासून साडेपाच सेंटिमीटरवर टांगलं की तेवढा पीळ झाला.

दुसऱ्या टोकाला आपलं जुनं 'डुक डुक' इंजिन ठेवून पाहा. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचा साचा, पुढं राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या अगणित नकला काढल्या, आणि विहिरीवर, पिठाच्या गिरणीत, उसाच्या चरकावर ती दशकानुदशकं चालली. ६ एचपी, ६५० फेरे, एकच सिलिंडर, १,४३३ सीसी. उचलायला चार माणसं आणि वर एक देखरेख करणारा. त्याचा टॉर्क ६६० किलो-सेंटिमीटर, म्हणजे या डबीच्या सव्वाशे पट. शक्ती मात्र अडीच पटही नाही. डबी किंचाळून जे करते ते लिस्टर हुंकार देत करतं.

मिस्त्रीला हे पटलं, पण त्यानं लगेच खुंटी हलवून पाहिली. "फेरे जास्ती म्हणून एचपी जास्ती. मंग कोनी बी कागदावर फेरे वाढवून लिहीन."

*

लिहील. म्हणून एक आडवी परीक्षा असते, आणि ती पेन्सिलीनं करता येते. इंजिनचं सीसी आणि फेरे कळले की दावा खरा ठरायला सिलिंडरात सरासरी किती दाब लागेल हे काढता येतं. टू-स्ट्रोकसाठी एचपीला साडेचार लाखांनी गुणायचं आणि सीसी गुणिले फेरे यानं भागायचं. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो, म्हणून साडेचारऐवजी नऊ लाख. उत्तर किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये येतं. इंजिन लहान असो की मोठं, हा आकडा फार हलत नाही, कारण एका घोटात सिलिंडर जेवढी हवा पितो तेवढंच इंधन जाळू शकतो. हवेशी खोटं बोलता येत नाही.

खोक्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर आम्ही गणितं मांडली. लिस्टर : ५.८. किर्लोस्करचं एव्ही-१, पाच एचपी, १,५०० फेरे, ५५३ सीसी : ५.४. दोन्ही डिझेल इंजिनं, दोन्ही शेतात बारा तास चालण्यासाठी बांधलेली, आणि दोन्हींचा आकडा शेजारी शेजारी. मिस्त्रीचा 'सात एचपी' वीडर, ३,६०० फेरे धरले तर ८.३. पेट्रोलच्या साध्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हे जरा जडच. भिंतीवरच्या ५२ सीसीच्या गवतकाप्यावर '३.५ एचपी' असा चमकता स्टिकर होता; फेरे लिहिलेलेच नव्हते. साडेसहा हजार धरले तर ४.७. वाचणाऱ्याला वाटेल, चला, हा तर सर्वांत कमी, म्हणजे खरा. नाही. क्रँककेसमधून हवा ढकलणारं, डब्याच्या सायलेन्सरचं टू-स्ट्रोक इंजिन बरंचसं ताजं मिश्रण जळण्याआधीच बाहेर सोडतं. नावाजलेल्या कंपन्यांच्या लाकूडकाप्या करवतींचे प्रसिद्ध आकडे याच सूत्रात घातले तर उत्तर तीन ते साडेतीन येतं. त्यांच्याहून दीडपट दाब हा स्वस्त गवतकाप्या कुठून आणणार?

आता डबी. अडीच गुणिले साडेचार लाख, भागिले साडेतीन गुणिले तेहतीस हजार. उत्तर ९.७.

भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे कंपनी फेकतेय."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण इथं दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दोन्ही डोळ्यांना दिसतात. एक म्हणजे गाडीच्या कुशीतली ती फुगीर नळी. पोटात रुंद, शेपटाला अरुंद असा तिचा आकार ठरवून दिलेला असतो. बाहेर पडलेल्या वायूची लाट शेपटावर आपटून परत येते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरात कोंबते. मात्र ही लाट ठराविक फेऱ्यांनाच वेळेवर पोचते. त्याच्या खाली-वर गेलात की नळी नुसती नळी. दुसरी गोष्ट इंधनाची. नायट्रोमीथेन आपल्या रेणूतच ऑक्सिजन घेऊन येतं. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा किलो, नायट्रोमीथेनला अवघी १.७. किलोमागे उष्णता पेट्रोलच्या पावपटच. पण तेवढ्याच हवेत इतकं जास्त इंधन बसतं की हवेच्या हिशेबानं उष्णता दुपटीहून अधिक निघते. वरची ओळ मोडायची नाही, हवेशी खोटं बोलता येत नाहीच. नायट्रो हवा सोबत घेऊन येतं एवढंच.

हे दोन्ही धरले तर ९.७ हा आकडा अशक्य नाही. जुन्या १२५ सीसीच्या ग्रां प्री मोटारसायकली नायट्रो नसतानाही नळीच्या जोरावर याच्या पुढं जात. म्हणून माझा कौल असा, की सर्वांत अचाट दिसणारा दावा या शेडमधला सर्वांत संभाव्य दावा होता, आणि सर्वांत साधा दिसणारा ३.५ एचपीचा स्टिकर सर्वांत संशयास्पद.

*

संभाव्य म्हणजे उपयोगाचा नव्हे. नायट्रो इंजिनाची शक्ती मोजायला दोरीचा ब्रेक चालत नाही. तेहतीस हजार फेऱ्यांवर दोर म्हणजे धूर. बहुधा जड चाकाची पद्धत वापरतात. ज्याचं जडत्व ठाऊक आहे असं चाक इंजिनाला जोडायचं, थ्रॉटल पूर्ण उघडायचा, आणि चाक किती वेळात किती वेग घेतं त्यावरून टॉर्क काढायचा. सगळं काही सेकंदांत आटोपतं. इंग्लंडमध्ये पीटर चिन यांनी मॉडेल विमानांच्या इंजिनांच्या चाचण्या मासिकांतून वर्षानुवर्षं लिहिल्या, त्यांचं महत्त्व हेच : एक शिखराचा आकडा न देता ते फेऱ्यांगणिक पूर्ण आलेख देत, आणि कुठलं इंधन वापरलं तेही सांगत. माहितीपत्रकात यातलं काही नसतं. इंधनात नायट्रो किती होतं? युरोपीय संघात १ फेब्रुवारी २०२१ पासून सामान्य ग्राहकाला १६ टक्क्यांहून जास्त नायट्रोमीथेनचं इंधन मोकळेपणी विकत मिळत नाही, कारण ते स्फोटकांचा कच्चा माल ठरतं. ३० टक्क्यांवर मोजलेला आकडा १६ टक्क्यांच्या गाडीला कसा लागू पडेल? नळी कोणती होती? खोलीत तापमान किती? प्रमाण मोजणी २५ अंशांना धरतात; या मुलखातल्या मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत गेलेली हवा त्याहून सहा टक्क्यांनी विरळ असते, म्हणजे सगळ्याच इंजिनांचे तेवढे घोडे उन्हाळ्यात तबेल्यातच राहतात.

आणि किती वेळ? याचं उत्तर आम्हाला टाकीनं दिलं. शर्यतीच्या नियमानं या बग्गीची टाकी १२५ सीसीची. भाच्याचा अनुभव, आणि तोच सगळ्यांचा, की ती आठेक मिनिटं पुरते. आता हिशेब करा. अडीच घोडे सलग घ्यायचे आणि इंधनाच्या उष्णतेतले शंभरात पंधरा भाग कामी येतात असं उदार मनानं धरलं, तर मिनिटाला ५० सीसीच्या वर इंधन जायला हवं. टाकी अडीच मिनिटांत कोरडी. ती आठ मिनिटं पुरते, याचा अर्थ इंजिन सरासरीनं पाऊण घोड्याच्या आतच काम करतं. अडीच घोडे असतात, पण ते एखाद्या सरळ पट्ट्यावर क्षणभर दर्शन देऊन जातात.

हे सांगितल्यावर मिस्त्री पहिल्यांदा मोकळा हसला. कारण हीच परीक्षा तो आणि त्याचं गिऱ्हाईक आयुष्यभर करत आलेत. शेतकरी जुनं इंजिन घ्यायला आला की पाटी वाचत नाही. विचारतो, "तासाला किती खातं?" डिझेल इंजिन एका एचपीला तासाला साधारण दोनशे ग्रॅम तेल खातं. पाच एचपी पूर्ण भारावर असेल तर तासाला सव्वा लिटरच्या घरात. तासाला अर्धा लिटर खाऊन पाच एचपी देतो म्हणणारा एक तर इंजिनावर भार टाकत नाही किंवा खोटं बोलतोय. मग मिस्त्रीनं थट्टा केली, की ही डबीच पंपाला लावू? लावली तर अडीच घोड्यांसाठी तासाला तीन लिटर. तेही मिथेनॉल, नायट्रो आणि एरंडेलाचं.

*

आकडे फुगवायची सवय इंजिनवाल्यांचीच नाही. नव्वदच्या दशकातल्या टेपरेकॉर्डरवर '२००० वॉट पीएमपीओ' लिहिलेलं असायचं, आणि मागच्या पाटीवर बघावं तर यंत्र भिंतीतून वीस-तीस वॉटच ओढायचं. घरोघरी हे होतं आणि कुणाला राग आला नाही. इंजिनाच्या बाबतीत अमेरिकेत मात्र आला. गवत कापायच्या यंत्रांवरचे एचपी फुगवलेले आहेत म्हणून ग्राहकांनी २००४ साली दावा लावला, आणि २०१० साली उत्पादक आणि विक्रेत्यांनी साडेसहा कोटी डॉलरची तडजोड केली. त्यानंतर तिकडच्या अनेक यंत्रांवरून एचपीचा आकडा निघून गेला आणि सीसी किंवा टॉर्क आला. होंडाचं जीएक्स २०० हे १९६ सीसीचं इंजिन पूर्वी साडेसहा एचपीचं म्हणून विकलं जाई. आता कंपनी ३,६०० फेऱ्यांना साडेपाच एचपी नेट सांगते. मधल्या काळात घोडा मेला नाही. आधीचा आकडा ग्रॉस, म्हणजे एअर फिल्टर आणि सायलेन्सरसारखे अडथळे बाजूला ठेवून मोजलेला. आताचा नेट, जसं यंत्र गिऱ्हाइकाच्या हाती पडतं तसा. आमच्या पेन्सिलीच्या गणितात साडेपाचला ७.० येतात आणि साडेसहाला ८.३. मिस्त्रीच्या वीडरलाही ८.३ आले होते. तो सात एचपी कुठल्या जातीचा, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही.

विजेच्या मोटारीत मात्र उलटी गंगा. शेतीपंपाचं बिल मीटरवर नव्हे तर एचपीमागे ठरलेल्या दरानं येतं तिथं पाटीवरचा आकडा लहान असण्यातच सगळ्यांचं भलं असतं. त्यामुळे पाटी पाचची आणि गुंडाळणी साडेसातची, ही गोष्ट सीमेच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे लोक डोळे मिचकावून सांगतात. एकाच शेतात पेट्रोलचे घोडे फुगलेले आणि विजेचे घोडे वाळलेले. (बऱ्हाणपुरात १६१५ सालचा कुंडी भंडारा आहे. सातपुड्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नुसत्या उतारानं शहरात आणलेलं. त्याला पाटी नाही, बिलही नाही.)

प्रामाणिक मोजणी बघायची तर फार लांब जायला नको. याच राज्यात नर्मदेकाठी बुधनीला केंद्र सरकारची शेतीयंत्रं तपासणारी संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथं ट्रॅक्टर पीटीओच्या, म्हणजे मागच्या अवजारांना फिरवणाऱ्या, दांड्यावर ब्रेक लावून तपासतात, आणि जास्तीत जास्त शक्तीची चाचणी सलग दोन तास चालते. कंपनीनं काय जाहीर केलं आणि प्रत्यक्षात काय भरलं, दोन्ही अहवालात शेजारी शेजारी छापतात. ४५ एचपीचा म्हणून घेतलेला ट्रॅक्टर मागच्या दांड्यावर चाळिसाच्या आतबाहेरच देतो हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला ठाऊक असतं ते अशा अहवालांमुळे. काही सेकंदांचा आकडा आणि दोन तासांचा आकडा, दोघांचं नाव एचपीच, ही खरी अडचण.

निघायच्या दिवशी गाडी पुन्हा मिस्त्रीच्या दारात. त्यानं तो गणितांचा पुठ्ठा फाडून खिळ्याला अडकवला होता, आणि गवतकाप्यावरचा '३.५ एचपी'चा स्टिकर नखानं सोलून काढला होता. खाली धातूत कोरलेलं फक्त '५२ सीसी' दिसत होतं. विचारलं तर म्हणाला, "हेवढं खरं हाय, म्हनून ठेवलं."

तुम्ही वीडर, फवारणी पंप किंवा पोरासाठी नायट्रो गाडी घ्यायला जाल तेव्हा पक्क्या पावतीवर दुकानदाराकडून चार गोष्टी लिहून घ्या : किती सीसी, किती फेऱ्यांना, ग्रॉस की नेट, आणि पूर्ण भारावर तासाला किती इंधन. चौथं लिहायला तो कां कूं करू लागला, तर भाव तिथूनच पाडायला सुरुवात करा.